दिल्लीची जुनी मोटार घरबसल्या घेताय? या चुका टाळा

दिल्लीतली जुनी मोटार महाराष्ट्रातल्या त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या मोटारीपेक्षा बरीच स्वस्त दिसते. त्यामुळे फोनवर छायाचित्रे पाहून आणि व्हिडिओ कॉलवर बोलणी उरकून ती घरपोच मागवणारे आता पुण्या-नाशकातच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही भेटतात. या स्वस्ताईमागे लबाडीच असते असे नाही. दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहने राजधानी परिसरात चालवण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केले, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने सक्तीच्या कारवाईबाबतच्या आदेशांत फेरबदल केले असले तरी तिथल्या मालकांची धास्ती गेलेली नाही. आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी तिथे मिळेल त्या भावात काढून टाकण्याकडे कल असतो, आणि महाराष्ट्रात तीच गाडी आणखी काही वर्षे रीतसर चालू शकते.

तेव्हा मोटार प्रत्यक्ष न पाहता घेणे ही मुळात चूक नव्हे. विकणाऱ्याने जे दाखवायचे ठरवले तेच आपण पाहिले आहे, याचा विसर पडणे ही खरी चूक आहे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका याच एका विसरातून होतात.

जाहिरातीतली किंमत हीच किंमत धरणे

दिल्लीत नव्या पेट्रोल मोटारीवरचा कर किमतीनुसार ४ ते १० टक्के आहे. महाराष्ट्रात तो ११ ते १३ टक्के, आणि डिझेलसाठी १३ ते १५ टक्के. दिल्लीची गाडी आपल्या राज्यात नोंदवताना हा कर इथे भरावा लागतो. गाडीच्या वयानुसार तो कमी होत जातो हे खरे, पण आकारणी तुमच्या सौद्याच्या किमतीवर होत नाही, गाडीच्या मूळ किमतीचा आधार घेतला जातो. आठ लाखांना पडलेल्या गाडीची मूळ किंमत वीस लाख असेल, तर कराचा आकडा पाहून पुष्कळांना घाम फुटतो. म्हणून इसार देण्याआधी आपल्या आरटीओतून किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून त्या विशिष्ट गाडीचा कर काढून घ्यावा. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळण्याची तरतूद असते, मात्र ती रक्कम हाती येईल असे धरून हिशेब मांडू नये.

त्यात वाहतूक, विम्याचे हस्तांतरण, एजंटचे पैसे आणि गाडी आल्यावर करावी लागणारी सर्व्हिसिंग मिळवावी. गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हेही दारात उभे असतात. एवढे करूनही लाखभर रुपये वाचत असतील तरच दिल्लीचा विचार करावा. तीस-चाळीस हजारांसाठी दीड हजार किलोमीटरवरची जोखीम पत्करण्यात, माझ्या मते, काही अर्थ नाही.

पाठवलेल्या व्हिडिओवरून गाडी पसंत करणे

विक्रेत्याने आधीच चित्रित करून पाठवलेला व्हिडिओ ही जाहिरातच असते. ताज्या पॉलिशमुळे रंगातला फरक लपतो, आणि गाडी दहा मिनिटे आधी चालू करून ठेवली की थंड इंजिनाची घरघर व सुरुवातीचा धूर दोन्ही नाहीसे होतात. व्हिडिओ थेट कॉलवर, भर दिवसा, गाडी उन्हात उभी करून आणि मध्ये न तोडता पाहावा. सुरुवातीलाच विक्रेत्याला बोनेट उघडून इंजिनावर हात ठेवायला सांगावे. इंजिन गरम लागत असेल तर सौम्य शब्दांत दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागावी. गाडी थंड असताना चालू केल्यावर कॅमेरा सायलेन्सरकडे न्यायला सांगावा. निळसर धूर इंजिन तेल जळत असल्याची खूण आहे, तर डिझेल गाडीतला दाट काळा धूर इंधन नीट जळत नसल्याचे सांगतो. फोनवरून इंजिनाच्या आवाजाचा अंदाज मात्र बांधू नये; फोनचा माइक निम्मा आवाज गिळतो आणि उरलेला बदलून टाकतो.

यानंतर कॅमेरा कुठे न्यायचा हे आपण ठरवावे. बोनेटच्या बिजागऱ्यांचे आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट जवळून दाखवायला सांगावेत. त्यांच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी पान्याने खोललेले आहेत, आणि मडगार्ड सहसा उगाच कोणी खोलत नाही. चारही दारांच्या फटी सारख्या आहेत का, डिकीतले स्टेपनी काढल्यावर खालचा पत्रा सपाट आहे की ठोकून सरळ केलेला आहे, चेसिस क्रमांक जिथे ठोकलेला असतो तिथे घासल्याच्या खुणा आहेत का, हेही पाहावे. तो सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक कॉलवरच मोठ्याने वाचून घ्यावा आणि आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, ताडून पाहावा. आरसीचे पाठवलेले छायाचित्र पुरेसे मानू नये. मालकाने त्याच्या फोनवर डिजिलॉकर उघडून त्यातली आरसी दाखवावी. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीची माहिती मिळते खरी, पण मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते, त्यामुळे बोलणारा माणूस मालकच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

आरसीवर निर्मितीचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख या दोन वेगळ्या नोंदी असतात, आणि डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदवून 'नव्या मॉडेलची' म्हणून विकली जाते, याकडेही लक्ष असू द्यावे.

इतके करूनही तुमची नजर विक्रेत्याच्या फोनमधूनच जाते. त्यामुळे माझा आग्रह असा, की व्यवहार कितीही छोटा असो, त्या शहरातला तुमच्या पैशाने, तुमच्या सांगण्यावरून जाणारा एक मेकॅनिक गाडीपाशी उभा राहिलाच पाहिजे. विकणाऱ्या कंपनीचा तपासणी अहवाल वाचावा, विशेषतः त्यात काय तपासलेले नाही ते बारीक अक्षरांत पाहावे, पण तो विकणाऱ्याचाच कागद आहे हे लक्षात ठेवावे. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक नको. रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र, गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर आणि किमान वीस मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह एवढे त्याच्याकडून ठरवून घ्यावे. कारखान्यातला रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्या दारावर आकडा त्याच्या दुपटी-तिपटीवर गेला तर तिथे पुन्हा रंगकाम, कदाचित पुटी भरून डेंटिंगही, झालेले आहे. एखादा खरचटलेला कोपरा रंगवलेला असणे हा दोष नव्हे, दिल्लीच्या रहदारीत तो नसला तरच नवल. छप्पर किंवा दारांमधले खांब रंगवलेले आढळले तर मात्र सौदा तिथेच सोडावा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक मानकाच्या) डिझेल गाडीसाठी आणखी एक प्रश्न विचारावा: ती महामार्गावर किती चालली? एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा डीपीएफ मोकळा व्हायला सलग वेगाने चालणे लागते. शहरात थांबत-थांबत चालवलेल्या गाडीत तो तुंबतो आणि बदलायचा खर्च मोठा असतो. स्कॅनरवर त्याची स्थिती कळू शकते.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवणे

डिजिटल मीटर मागे करणे जुन्या तारेच्या मीटरपेक्षा अवघड नाही, उलट सोपे झाले आहे. त्यामुळे आकडा वाचण्याऐवजी आकड्याशी न जुळणाऱ्या गोष्टी शोधाव्यात. टायरच्या बाजूवर डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. २०१८ ची गाडी अठ्ठावीस हजार किलोमीटर चालली असे मीटर सांगत असेल आणि चारही टायर २०२१ चे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर का बदलले याचे समाधानकारक उत्तर मिळायला हवे. क्लच-ब्रेकच्या पेडलवरचे झिजून गुळगुळीत झालेले रबर किंवा स्टिअरिंगची चकाकलेली वरची कड हेही तेच सांगते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मालकाला फोनवरच्या अ‍ॅपमध्ये किंवा सेंटरला विचारून मिळतो. त्यातली प्रत्येक नोंद तारखेसह आणि किलोमीटरसह मागावी. मध्येच दोन वर्षांची पोकळी असेल तर त्या काळातच काहीतरी घडले आहे असे धरून चौकशी करावी.

पुरात बुडालेल्या गाड्यांचे प्रकरण याहून गंभीर आहे. मुंबईत २६ जुलै २००५, चेन्नईत डिसेंबर २०१५, सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ आणि दिल्लीत यमुनेच्या काठी जुलै २०२३ असे पूर आले, आणि अशा पुरांत विमा कंपन्यांनी 'टोटल लॉस' ठरवलेल्या गाड्यांपैकी काही भंगारच्या भावात विकल्या जाऊन, धुऊन-पुसून, दूरच्या राज्यात पुन्हा बाजारात येतात. दूरच्या खरेदीदाराला गाडीचा पूर्वेतिहास माहीत नसतो, हेच विकणाऱ्यांना हवे असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ आहे का हे पाहावे. कारण बाहेरचा भाग सगळे धुतात, आतला सहसा कोणी धूत नाही. सीटखालच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले आहेत का आणि गालिच्याखाली ओलसर कुबट वास येतो का, हे मेकॅनिकला तपासायला सांगावे. वास फोनवर येत नाही, हे त्याला पाठवण्याचे आणखी एक कारण.

पैसे आणि कागद उलट्या क्रमाने देणे

'मी लष्करात आहे, बदली झाली आहे, गाडी छावणीतून वाहतूकदाराकडे रवाना केली आहे, फक्त वाहतुकीचे पैसे पाठवा' ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे आणि गणवेशातली छायाचित्रे व ओळखपत्रे तिच्यासोबतच येतात. क्यूआर कोड स्कॅन करून 'परतावा' घ्यायला सांगणारा माणूसही त्याच पंथातला. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

खऱ्या विक्रेत्याशीही क्रम सांभाळावा. इसार छोटा द्यावा, तो मालकाच्याच नावच्या बँक खात्यात द्यावा, आणि मेकॅनिकची तपासणी समाधानकारक न झाल्यास किंवा आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) न मिळाल्यास तो परत मिळेल असे लेखी घ्यावे. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर उरलेल्या कर्जाची रक्कम मालकाला न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरावी आणि बँकेची एनओसी व बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत बाकीची रक्कम थांबवावी. बोजा 'दोन दिवसांत उतरेल' या तोंडी शब्दावर गाडी रवाना करून घेणाऱ्यांना पुढे महिनोन्‌महिने दोन आरटीओ आणि एका बँकेत हेलपाटे घालावे लागतात.

दुसऱ्या राज्यात नोंदणीसाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हा सर्वांत महत्त्वाचा कागद. त्यावर तुमच्याच आरटीओचे नाव असावे लागते. पुण्याच्या माणसाने पिंपरी-चिंचवडचे नाव असलेली एनओसी आणली तर काम अडते. थकलेली ई-चलने, बोजा किंवा पोलिसांतली नोंद यांपैकी काहीही असेल तर एनओसी मिळत नाही, म्हणून गाडीच्या क्रमांकावर चलने आधीच तपासावीत. मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या गाडी निघण्याआधी घ्याव्यात, कारण गाडी आल्यावर फोन उचलण्याची त्याला घाई राहत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकत घेणाऱ्याने हस्तांतरणाची माहिती ३० दिवसांत द्यायची असते, आणि बाहेरच्या राज्याचा क्रमांक घेऊन इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही. 'वर्षभर तर कोणी विचारत नाही' हा एजंटांचा आवडता सल्ला याच तरतुदीवर उभा आहे, पण मालकी बदलली की वर्षाची सवलत उपयोगाची नसते. आणि बीएच क्रमांकाची (बदलीच्या नोकरीतल्यांसाठी असलेल्या, देशभर चालणाऱ्या मालिकेची) गाडी घेणार असाल, तर आपण त्या मालिकेस पात्र नसल्यास तिला राज्याचा क्रमांक व कर लागतोच.

विमा हस्तांतरणासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतील. जुना फास्टॅग मालकाकडून बंद करून घ्यावा, कारण एका गाडीला एकच टॅग चालतो.

गाडी आली आणि काही चुकले असेल तर

वाहतूकदाराच्या ट्रकवर चढवताना आणि उतरवताना किलोमीटरच्या आकड्यासह गाडीची छायाचित्रे घेतलेली असावीत, आणि पोचपावतीवर सही करण्याआधी नवे ओरखडे तिच्यावरच लिहावेत. नंतर केलेली तक्रार वाहतूकदार मानत नाही. इंजिनात किंवा गिअरबॉक्समध्ये सांगितलेला नसलेला दोष निघाला तर ती दुरुस्तीला देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल घ्यावा. दुरुस्त करून झाल्यावर पुरावा उरत नाही.

विक्रेता कंपनी किंवा व्यापारी असेल तर तुमची बाजू बरीच बळकट असते. डिसेंबर २०२२ मध्ये केलेल्या नियमदुरुस्तीनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे अधिकृतता प्रमाणपत्र लागते, ते व्यवहाराआधीच मागून ठेवावे. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो, दिल्लीला जावे लागत नाही. विक्रेता खासगी व्यक्ती असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा बंद असतो. तिथे तुमच्या हाती राहते ती लेखी देवाणघेवाण, बँकेतल्या नोंदी आणि दिवाणी दावा. पैसे घेऊन माणूसच गायब झाला असेल तर कागद जमवत न बसता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, कारण रक्कम खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते.