४४००१० चे विभाजक हाताने कसे काढावेत

नागपुरातल्या दक्षिण अंबाझरी मार्गावरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचा पिनकोड ४४००१०. सरावाला हा आकडा उत्तम: सुरुवात सोपी, शेवट चिवट.

शेवटी शून्य, म्हणून आधी १० बाहेर काढा, उरले ४४००१. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जातोच: ४८८९. इथे बरेच जण एकदाच ३ ने भागून पुढे सरकतात आणि दुसरा ३ हातचा सुटतो.

आता ४८८९ मूळ आहे का? ७० चा वर्ग ४९००, तेव्हा ६७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. २, ३, ५ लगेच बाद. उरतात ७ ते ६७ मधल्या सोळा. १३ आणि ४७ ला बाकी फक्त १ उरते, तिथे घाईत चूक होते. गुणून पाहा, दोन्हीकडे ४८८८ च येतात. कशानेच भाग जात नाही, म्हणून ४८८९ मूळच.

४४००१० = २ × ३² × ५ × ४८८९

घातांकांत एकेक मिळवून गुणा: २ × ३ × २ × २ = २४ विभाजक. त्यांची बेरीज ३ × १३ × ६ × ४८९० = ११,४४,२६०. ३ म्हणजे १ + २, ६ म्हणजे १ + ५, ४८९० म्हणजे १ + ४८८९, आणि १३ म्हणजे १ + ३ + ९. तिथे (१ + ३) चा वर्ग घेतला की सगळं फसतं. बेरजेतून ४४००१० वजा केले तरी ७,०४,२५० उरतात, म्हणजे आकड्यापेक्षा त्याच्या लहान विभाजकांची बेरीजच मोठी.

आणखी एक गंमत: ६६३² + २१² करून बघा.