हात आखडता असताना पोटभर आणि पौष्टिक खायचं कसं

पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री लागते ती किराण्याला, कारण भाडं आणि बिलं काही आपल्या म्हणण्याने कमी होत नाहीत, पण भाजी कमी आणता येते. मग होतं काय, भाज्या, फळं, कडधान्यं यादीतून जातात आणि भात, ब्रेड, नूडल्स, बिस्किटं उरतात. पोट भरतं, पण दोन तासांत परत भूक लागते आणि परत काहीतरी तोंडात टाकायला विकत आणलं जातं. मी कितीतरी महिने असंच काढलेत आणि त्या काळात सतत थकल्यासारखं वाटायचं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

दुकानात जायच्या आधी घरातले डबे उघडून बघा. फ्रीजमधे काय आहे, कुठलं पाकीट अर्धं पडलंय, सगळं एका कागदावर लिहा, त्यातून होणारी तीन-चार जेवणं आधी ठरवा आणि त्यासाठी जे कमी पडतंय तेवढंच यादीत टाका. सातही दिवसांचा मेनू ठरवत बसू नका, पाच दिवसांचा ठरवा, उरलेले दोन दिवस उरलंसुरलं संपवायला लागतातच. आणि काहीतरी खाऊन मगच दुकानात जा, उपाशीपोटी गेलं की यादी खिशातच राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रोटीन. पैसे कमी असले की सगळ्यात आधी हेच कमी पडतं, म्हणून माझं म्हणणं असं की बजेटमधला पहिला पैसा इथे घाला आणि मग बाकीचं बघा. साधारण तब्येत असलेल्या मोठ्या माणसाला रोज किलोमागे किमान ०.८ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे वजन ६० किलो असेल तर ४८ ग्रॅम. (अंगमेहनत करणारे, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांना जास्त लागतं.) १०० ग्रॅम कोरड्या मसुरात जवळपास २४ ग्रॅम असतं, शेंगदाण्यात २५ च्या आसपास, आणि एका अंड्यात साधारण ६. आता एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं त्याचा हिशोब असा करायचा, की ५०० ग्रॅमच्या मसुराच्या पाकिटात झालं १२० ग्रॅम प्रोटीन, तर पाकिटाच्या किमतीला १२० ने भागा, डझनभर अंड्यांच्या किमतीला ७२ ने भागा, तसंच चिकन, पनीर, दूध, दही, जे तुम्ही खात असाल त्याचं करा. पाकिटाच्या मागच्या बाजूला १०० ग्रॅममधे किती प्रोटीन ते छापलेलं असतं. हे एकदा कागदावर मांडलं की कशासाठी आपण उगाच जास्त पैसे मोजतोय ते लगेच दिसतं. बहुतेक वेळा कोरडी कडधान्यंच स्वस्त पडतात, पण तुमच्याकडचा भाव लावून स्वतः बघा.

फक्त कडधान्यावर भागेल का असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांना अमिनो आम्लं म्हणतात, धान्यात त्यातलं लायसिन कमी असतं, ते कडधान्यात भरपूर असतं, आणि कडधान्यात जे मेथिओनिन कमी पडतं ते धान्यातून मिळतं, म्हणून दोन्ही खा. एकाच ताटात पाहिजे असं पण नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं तरी चालतं. सुट्टीच्या दिवशी एकदम जास्त शिजवून वाट्या-वाट्यांनी फ्रीजरमधे टाकून ठेवा, दमून आल्यावर बाहेरून मागवायचा खर्च वाचतो. एक गोष्ट मात्र नक्की पाळा, राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात कमीत कमी १० मिनिटं खळखळून उकळा, नाहीतर त्यातल्या लेक्टिन नावाच्या घटकामुळे उलट्या-जुलाब होतात. कुकरमधे नीट शिजवला तर प्रश्न नाही, पण मंद आचेच्या स्लो कुकरमधे कच्चा राजमा थेट टाकू नका.

भाज्या-फळांचं बघायचं तर दिवसाला किमान ४०० ग्रॅम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, बटाटा त्यात धरत नाहीत. खर्च वाचवायचा तर ज्या त्या मोसमातलं घ्या, आणि आणल्यावर नाजूक ते आधी खा, म्हणजे पालेभाज्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, मग टोमॅटो, काकडी वगैरे, आणि कोबी, गाजर, भोपळा शेवटी, ते टिकतात. फ्रोझन भाज्यांना कमी लेखू नका, तोडल्यावर लवकर गोठवलेल्या असतात त्यामुळे सत्त्व बरंचसं राहतं आणि लागतील तेवढ्याच काढता येतात. टिनच्या डब्यातलं तयार शिजवलेलं कडधान्य विकत घेतलंत तर त्यातलं पाणी ओतून टाका आणि धुऊन घ्या, बरंच मीठ निघून जातं. आणि कडधान्य-पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व हवं, लिंबू पिळा किंवा टोमॅटो घाला, चहा-कॉफी मात्र जेवणाबरोबर नको, तासभर थांबा.

दुकानात पाकिटाची किंमत बघू नका, किलोमागे किंवा लिटरमागे किती पडतं ते बघा. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं असं नाही, आणि असलं तरी दाणे, तेल, पीठ खवट व्हायच्या आत संपणार असेल तरच घ्या. तारखा पण नीट वाचा, 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्यानंतर चव-दर्जा थोडा उतरेल, 'यूज बाय' म्हणजे त्यानंतर खाऊ नका. गोड शीतपेयं आणि पाकिटातले ज्यूस यांच्यावरचा खर्च सरळ बंद केला तरी चालतो, तेलावरचा मात्र पूर्ण बंद करू नका, शरीराला फॅट लागतं.

शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमधे गेलं पाहिजे, आणि फ्रीज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड हवा. भाताची जास्त काळजी घ्या, बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करून जात नाही.

आणि फ्रीजवर एक कागद चिकटवा, जे फेकावं लागलं ते त्यावर लिहीत जा, अर्धी जुडी, चार पाव, जे असेल ते. महिन्याने तीच नावं परत परत दिसतील, पुढच्या खेपेला ती निम्मीच आणा.