खताचा चहा: गच्चीवर, एका बादलीत

इंदूरच्या माणसाला कंपोस्ट शिकवायला जाणं म्हणजे सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन गराडू हा कंद कसा तळायचा ते सांगणं. पालापाचोळा, शेण, राख आणि माती यांचे थर लावून, ढीग तीनदा उलटून तीन महिन्यांत खत करायची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. ती ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत बसवली. त्या कामावरच्या १९३१ च्या पुस्तकावर यशवंत वाड हेही नाव आहे. ते मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येतं.

आता ओळखीपाळखीत ज्याला त्याला खत नको, थेट त्याचा ‘चहा’ हवा असतो. हा चहा म्हणजे मुरलेलं खत पाण्यात भिजवून त्यात सतत हवा सोडायची; खतातले जिवाणू आणि विरघळणारी अन्नद्रव्यं पाण्यात उतरतात. घरचं खत अर्धकच्चं असेल तर या भानगडीत पडूच नका. मूठभर खत ओलं करून हुंगा. पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला, ढिगात ऊब उरलेली नसली आणि साल-देठ ओळखू येत नसले, तर खत तयार. आंबूस किंवा अमोनियाचा वास असेल तर अजून महिनाभर मुरू द्या. कच्चं शेण तर अजिबात नको, त्यातले रोगजंतूही तितक्याच आनंदाने वाढतात.

सामान फार नाही. २० लिटरची बादली, माशांच्या टाकीला लावतात तो दोन तोंडांचा हवेचा पंप, त्याच्या नळ्या, टोकाला लावायचे दोन एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारे सच्छिद्र दगड), आणि जुना सुती पंचा.

आदल्या दिवशी बादलीत १५ लिटर पाणी भरून उघडं ठेवा. नळाला नर्मदेचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं; ज्यांना वाढवायचं त्यांनाच ते मारतं. एक दिवस उघडं राहिलं की ते बरंचसं उडून जातं. घाई असेल तर पंप तास-दोन तास नुसता पाण्यात चालवा. बोअरिंगचं पाणी असेल तर ही पायरी सोडून द्या.

मग पाऊण किलो खत पंचात सैल बांधून पाण्यात लोंबकळतं सोडा. पोटली आवळून बांधली तर आत हवा पोचत नाही. एअर स्टोन तळाशी टाका आणि पंप सुरू करा. पाण्यावर सगळीकडे खळबळ दिसली पाहिजे. कोपऱ्यात चार बुडबुडे निघून भागत नाही.

पंप बादलीच्या पाण्यापेक्षा उंचावर ठेवा, खिडकीच्या कट्ट्यावर वगैरे. मी पहिल्यांदा तो जमिनीवर ठेवला होता. रात्री वीज गेली, नळीतून पाणी उलटं पंपात उतरलं आणि सकाळी पंप गार, बादलीला गटाराचा वास. दोन्ही गेले.

गूळ घालायचा का, हे हमखास विचारतात. जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रावणात, २०० लिटरला २ किलो गूळ असतो, म्हणून इथेही ढेकूळ टाकायचा मोह होतो. गोडावर जिवाणू झपाट्याने वाढतात, पण मग प्राणवायूही झपाट्याने संपवतात, आणि नको असलेले जंतूही त्याच गुळावर पोसतात. फुलझाडांसाठी एखादा चमचा काकवी चालेल. भाजीला द्यायचं असेल तर मी काही घालत नाही.

बादली सावलीत ठेवा. २४ ते ३६ तास पुरतात. वैशाखात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून मे महिन्यात मी २४ तासांच्या पुढे जात नाही. खरं तर तेव्हा करतच नाही. फेस आला म्हणजे जमलं असं नाही. खरा दाखला नाकाचा. मातीचा वास हवा. कुजकट वाटलं तर झाडांना न घालता ओतून द्या.

पंप बंद केल्यावर चार तासांच्या आत संपवा, बाटलीत भरून ठेवायची ही वस्तू नाही. एक भाग चहा, पाच भाग पाणी असं करून संध्याकाळी ओलसर मातीत, मुळांपाशी घाला. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांना पंधरा-वीस दिवसांनी एकदा पुरे. पावसाळ्यात कुंडीतून सगळं वाहून जातं, तेव्हा राहू द्या. कोथिंबीर, पुदिना, मुळा असं जे कच्चं खातो, त्यावर हा चहा नकोच, मातीतही नको.

पानांवर फवारलं की रोग जातात असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. प्रयोगांत कुठे फायदा दिसला, कुठे काहीच नाही. अन्नद्रव्यंही यात थोडीच असतात, त्यामुळे कुंडीत मूठभर खत घालणं याने टळत नाही. पोटलीतला चोथाही तसाच कुंडीत टाका.

बादली, नळ्या आणि स्टोन लगेच ब्रशने घासा. आतला बुळबुळीत थर वाळला की निघता निघत नाही, आणि पुढच्या खेपेचा वास तिथूनच बिघडतो.