गणपतीला कोकणात निघण्यापूर्वी जुन्या ओम्नीची तयारी

कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, हा प्रवास आमच्या घरची ओम्नी दर भाद्रपदात करते. गाडीत सहा माणसे, मखराचे सामान आणि बाहेर न थांबणारा पाऊस असतो. ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी वापरून जुनी झालेलीच आहे. माझा अनुभव असा की तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतात त्या त्याच्याभोवतीच्या तारा, जोड, नळ्या आणि रबरे. म्हणून निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी तपासणीला लागावे, आणि दोष कोठे आहे हे मोजून कळेपर्यंत एकही भाग बदलू नये.

सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टीमीटर लावला असता १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यावा, १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजावी. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान स्थिरावावा. चालू इंजिनवरही तो साडेबाराच्या पुढे जात नसेल तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रात), त्याच्या सैल पट्ट्यात किंवा चार्जिंगच्या वायरीत आहे. अशा वेळी नवी बॅटरी घेतली तर तीही चार दिवसांत बसते.

अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या, वायरीवर मात्र मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी घाटात चहासाठी थांबलो आणि पुन्हा निघताना सेल्फने नुसता ‘टक्’ असा आवाज केला. बॅटरी आठच दिवसांपूर्वी एका गॅरेजने बदलून दिली होती. दिवे लख्ख लागत होते, हॉर्न वाजत होता, पण सेल्फ उचलत नव्हता. शेवटी जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या बोल्टला लावले, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. घरी आल्यावर इंजिनला जाणारी अर्थची वायर काढली, तेव्हा तिच्या टोकावर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली होती, आणि आवरण सोलल्यावर आतले तांब्याचे धागे वाळलेल्या गवतासारखे बोटांत मोडत होते. जेमतेम पाच-सहा धागे शाबूत होते. तेवढ्यावर दिवे लागतात, पण सेल्फला लागणारा करंट त्यातून जात नाही. ही वायर नवी टाकायला फारसा खर्च येत नाही. तेव्हा बॅटरी ते बॉडी आणि बॅटरी ते इंजिन असे दोन्ही अर्थ सोडवून, टोके पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. मोजायचे असल्यास सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वायर खराब आहे असे समजावे.

दिवे मंद लागत असतील तर तेही बहुधा अर्थिंगमुळेच असते. जास्त प्रकाशासाठी १०० वॅटचे बल्ब बसवण्याचा मोह टाळावा, कारण मूळ वायरिंग साधारण ६० वॅटच्या बल्बसाठी आहे, आणि जुन्या स्विचमधून तेवढा करंट गेला की आतले प्लास्टिक वितळते. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच क्षमतेचा फ्यूज टाकावा. चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा कधीही घालू नये.

पावसात गाडी मिसिंग मारते, म्हणजे मध्येच ठिणगी चुकून इंजिन धक्के देते, ही दुसरी नेहमीची तक्रार. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जुन्या गाडीत रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा द्यावा आणि हात दूर ठेवून पाहावे. आवरणाला चीर असेल तर तेथून निळसर ठिणगी बाहेर उडताना स्पष्ट दिसते. ती वायर, आणि तिच्या जोडीला डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाची) कॅप बदलावी. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या गाडीत पॉइंट घासून त्यांची गॅप लावून घ्यावी आणि एक जादा कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग) जवळ ठेवावा.

आता सर्वांत गंभीर बाब. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, म्हणजे पेट्रोलची गळती झाली तर ती माणसांच्या अगदी खाली होते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. टाकीपासून कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बोटांनी दाबून, वाकवून पाहावी. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा हाताला पेट्रोलचा वास लागला, तर फक्त क्लिप आवळून समाधान मानू नये, नळी बदलूनच घ्यावी. ज्यांच्या गाडीत सीएनजी आहे त्यांनी सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे ना, हेही प्लेटवरील तारखेवरून पाहावे.

गाडी गरम होण्याची कारणे एकामागून एक तपासावीत: कूलंटची पातळी, होस पाइपच्या टोकांवरचे ओले डाग, रेडिएटरच्या झाकणाचे रबर, फॅन आणि शेवटी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप). इंजिन उभ्या गाडीत चालू ठेवले आणि काटा मध्याच्या वर सरकू लागला तरी फॅन सुरू होत नसेल, तर आधी फ्यूज आणि वायरीचा जोड पाहावा, मग मोटरला थेट बारा व्होल्ट देऊन पाहावे. फॅन फिरला तर मोटर चांगली आहे आणि दोष स्विचमध्ये आहे. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मला पटत नाही. इंजिन कायम थंड चालते, पेट्रोल जास्त जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसला तर लगेच घाबरू नये, कारण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत थोडा फेस येतोच; पण त्यासोबत कूलंट कमी होत असेल आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेडगॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांमधले सील) गेले आहे, आणि अशा गाडीने घाटात जाऊ नये. गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

ब्रेकचे काम मी स्वतः करत नाही, जाणत्या मेकॅनिककडून करून घेतो, पण लक्षणे मात्र आपल्याला कळली पाहिजेत. पेडल स्पंजासारखे लागले तर लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरले असता हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग) संशयास्पद आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचे किंवा विरुद्ध बाजूचे व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) उघडून ओलावा पाहावा. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर बदलावे, कारण ते हवेतले पाणी शोषते आणि लांब उतारावर तापून पेडल पोकळ पडते.

टायर, स्टेपनीची हवा, वायपरचे रबर आणि मागच्या शाफ्टचा क्रॉस (शाफ्टचा फिरता सांधा) हे एका सकाळी उरकते. गाडी पंधरा वर्षांपुढची असेल तर नूतनीकरण केलेल्या नोंदणीची मुदत आणि विमा पाहून ठेवावा.

हे सर्व झाले की निघण्याच्या आठवडाभर आधी भरल्या गाडीने तीस-चाळीस किलोमीटरची, एखादा चढ असलेली फेरी मारावी आणि परतल्यावर खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी ठेवावी. सकाळी पुठ्ठ्यावर कोणता डाग कोठे पडला आहे यावरून काय गळते ते कळते. सोबत क्लचची आणि एक्सिलरेटरची केबल, फॅनबेल्ट, फ्यूज, जंपर केबल, टेस्ट लॅम्प, मीटरभर पेट्रोलची नळी, क्लिपा, पाच लिटर पाणी आणि विजेरी घ्यावी, आणि ही पिशवी मखराच्या सामानाखाली न ठेवता मागचा दरवाजा उघडताच हाती येईल अशी सर्वांत शेवटी ठेवावी.