भाषणाचा फॅक्ट-चेक करताय? या चुका टाळा

नवीन मुलं फॅक्ट-चेक शिकायला आली की मी त्यांना आजचं भाषण कधीच देत नाही. आजच्या नेत्याबद्दल प्रत्येकाचं मत आधीच पक्कं असतं. मग तपासणी राहते बाजूला आणि उणीदुणी सुरू होतात. मी रश लिंबॉ यांचं भाषण देतो. अमेरिकन रेडिओवरचा हा सर्वांत गाजलेला कॉन्झर्वेटिव्ह, म्हणजे कमी कर आणि लहान सरकार मागणारा, भाष्यकार. १९८८ पासून देशभर कार्यक्रम, २०२१ मध्ये निधन. भाषण २८ फेब्रुवारी २००९ चं, वॉशिंग्टनला ‘सीपॅक’ या कॉन्झर्वेटिव्ह मंडळींच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं. ओबामांच्या शपथविधीला दीड महिनाही झाला नव्हता. लिंबॉ जवळपास दीड तास बोलले. सीएनएन आणि फॉक्सने ते थेट दाखवलं.

आमच्या मुलांना लिंबॉ ठाऊक नसतात, हेच बरं. राग नाही, लोभ नाही. तरी चुका होतातच, आणि दर बॅचला त्याच होतात.

चार शब्दांवर दुकान मांडणं

या भाषणाआधीच त्यांचं एक वाक्य गाजत होतं. १६ जानेवारीला, म्हणजे शपथविधीच्या चार दिवस आधी, ते रेडिओवर म्हणाले होते की ओबामांकडून काय अपेक्षा आहेत यावर माझ्याकडे ४०० शब्द मागितलेत, पण मला चारच पुरेत: ‘आय होप ही फेल्स’, म्हणजे ते अपयशी ठरावेत हीच आशा.

मुलं लिहून मोकळी होतात: लिंबॉ यांना देश बुडायला हवा होता. मी विचारतो, त्या चार शब्दांत ‘देश’ कुठे दिसला? पुढचं-मागचं ऐकलं तर त्यांचा रोख सरकारच्या वाढत्या हस्तक्षेपावर होता. सीपॅकच्या भाषणात त्यांनी हेच खुलवून सांगितलं: भांडवलशाही आणि व्यक्तिस्वातंत्र्य हा देशाचा पाया राहू नये अशी ओबामांची योजना असेल, तर त्यांना यश मिळावं असं मी का म्हणू?

एवढं वाचलं की वर्गातला दुसरा गट उठतो. ‘म्हणजे सर, ते तसं म्हणालेच नव्हते!’ म्हणाले होते की. संदर्भ म्हणजे धुण्याचा सोडा नव्हे. राष्ट्राध्यक्षाचा कार्यक्रम फसावा अशी त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी लपवली नाही. नोंद एवढीच करायची. शिवाय त्या वाक्यातला ‘जर’ गाळायचा नाही, आणि ओबामांची योजना खरंच तशी होती का, हा प्रश्नही सोडून द्यायचा नाही.

चूक सापडली की टाळी देऊन थांबणं

भाषणातली सगळ्यात ठळक चूक सापडायला फार वेळ लागत नाही. संविधानाच्या उद्देशिकेत एक निर्विवाद सत्य आहे, असं सांगून लिंबॉ यांनी निर्मात्याने दिलेल्या हक्कांची यादी वाचली: लाइफ, लिबर्टी, फ्रीडम आणि सुखाचा शोध. हे शब्द उद्देशिकेतले नाहीत. ते १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले. संविधान १७८७ चं, आणि त्याची उद्देशिका ‘वी द पीपल’ने सुरू होते. त्यातही गंमत अशी की त्याच मेळाव्यात त्यांना ‘डिफेंडर ऑफ द कॉन्स्टिट्यूशन’, म्हणजे संविधानाचा रक्षक, हा पुरस्कार देण्यात आला.

वर्गात हशा पिकतो आणि बहुतेकांचा मजकूर इथेच संपतो. पण खरं काम इथूनच पुढे आहे. या चुकीने नेमकं काय बिघडलं? तारीख चुकली असती तर सोडून देता आलं असतं. इथे दस्तऐवज बदलला आहे. जाहीरनामा हा बंडाचा मजकूर आहे; कोर्टात राबवायचा कायदा म्हणजे संविधान. आणि हक्क निर्माता देतो असं त्या संविधानात कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे एका तात्त्विक श्रद्धेला नकळत कायद्याचं वजन मिळालं. हे दोन ओळींत सांगितलं तर वाचकाच्या हाती काहीतरी पडतं. नुसतं ‘बघा, एवढंही माहीत नाही’ म्हटल्याने तुमचा रुबाब तेवढा वाढतो.

(आपणही फार हसू नये. आपल्या उद्देशिकेतले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द पहिल्या दिवसापासूनचे आहेत असं छातीठोकपणे सांगणारे कितीतरी भेटतात. ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले.)

आता लिंबॉ यांच्या या वाक्यातला मराठी माणसासाठीचा खास खड्डा. मूळ जाहीरनाम्यात ‘लिबर्टी’ आहे, ‘फ्रीडम’ नाही. तो लिंबॉ यांनी पदरचा घातला. मराठीत आणताना दोन्हींचं ‘स्वातंत्र्य’ होतं. अनुवादक समजूतदार असला तर एक ‘स्वातंत्र्य’ गाळतो, आणि वक्त्याची चूक अनुवादातच दुरुस्त होऊन जाते! म्हणून तपासायचं वाक्य आधी जसंच्या तसं देवनागरीत उतरवून घ्यायचं, भाषांतर नंतर.

उलट, हक्कांना लावलेला ‘हिरावून न घेता येणारे’ या अर्थाचा शब्द ‘इनएलियनेबल’ की ‘अनएलियनेबल’ यावर एका मुलीने अर्धं पान खर्ची घातलं होतं. जाहीरनाम्यात ‘अन’ आहे, हे खरं. पण जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या वॉशिंग्टनमधल्या स्मारकाच्या भिंतीवर ‘इन’ कोरलेलं आहे. असल्या कुसळांच्या मागे लागू नये.

मताला ‘असत्य’चा शिक्का मारणं

सरकार वाढलं की माणूस खुजा होतो, हे मत आहे. त्यावर वाद घाला, लेख लिहा. पण शिक्का मारू नका. तपासता येतात ते आकडे, तारखा, कोण काय बोललं ते.

वक्ता कोणत्या खुर्चीत बसलाय हे विसरणं

लिंबॉ निवडून आलेले नव्हते, पक्षाचे पदाधिकारी नव्हते. तेव्हा ‘रिपब्लिकन पक्षाची भूमिका’ असा मथळा चुकीचा. गोंधळ मात्र खुद्द अमेरिकेतही होता. ओबामांचे चीफ ऑफ स्टाफ राम इमॅन्युएल यांनी त्यांना विरोधी पक्षाचा आवाज ठरवलं, कारण तसं ठरणं व्हाइट हाउसच्या सोयीचं होतं. रिपब्लिकन पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष मायकेल स्टील यांनी ‘ते तर मनोरंजन करणारे’ म्हणून झटकलं आणि काही दिवसांतच माफी मागितली. खुर्ची नसलेल्या माणसाचं वजन किती, ते या माफीवरून कळतं. हे लिहा, पण भूमिका लिंबॉ यांची स्वतःची आहे असं लिहा. आणि कृपा करून ‘कॉन्झर्वेटिव्ह’चं ‘सनातनी’ करू नका. कमी कर, लहान सरकार मागणाऱ्याला तो शब्द लावला की आपल्या वाचकाला भलताच माणूस दिसतो.

शून्यांचा घोळ

ही चूक माझीच. भाषणाच्या अकरा दिवस आधी ओबामांनी मंदीतून अर्थव्यवस्था सावरण्यासाठीच्या ७८७ अब्ज डॉलरच्या पॅकेजवर सही केली होती. नंतर तो अंदाज ८०० अब्जांच्या वर गेला. पण फेब्रुवारीतलं भाषण तपासायचं तर आकडाही फेब्रुवारीचाच घ्यायचा. इथवर मी बरोबर होतो. पुढे, वाचकाला सोपं जावं म्हणून कोटीत सांगायला गेलो आणि ‘७८७ कोटी डॉलर’ लिहून बसलो. हवे होते ७८,७०० कोटी. चूक लक्षात आल्यावर मी गुपचूप आकडा बदलला, कुठे नोंद केली नाही. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, ‘साहेब, काल दोन शून्यं कुठे होती?’ तेव्हापासून आमच्याकडे दुरुस्ती लेखाच्या सुरुवातीलाच, तारखेसकट लागते.