मकेचा पिवळा चट्टा युरियानं हटत नसेल तर मूळ खणून बघा

राम राम मंडळी, सिल्लोड, कन्नड, भोकरदनकडं मका आता गुडघ्याच्या वर गेलीय आणि युरियाच्या पुढच्या डोसची गडबड चालू आहे. त्याआधी एक काम करा. वावरात एखाद्या चट्ट्यात मका खुजी, फिक्कट राहिली असेल, मागच्या साली पण तिथंच असं झालं असेल आणि खत टाकून फरक पडला नसेल, तर मुळावर सिस्ट निमॅटोड, म्हणजे मुळातला रस शोषणारी बारीक सूत्रकृमी (जंत), असू शकतो. पाणी साचलं, जस्त कमी पडलं तरी मका अशीच दिसते, म्हणून मूळ बघितल्याशिवाय काही ठरवू नका.

झाड उपटायचं नाही, उपटलं की बारीक मुळ्या तुटून जमिनीतच राहतात आणि बघायचं ते त्यांच्यावरच असतं. कुदळीनं ढेकळासकट काढा, बादलीतल्या पाण्यात भिजत ठेवा, माती आपोआप सुटू द्या, मग उजेडात धरून बघा. मुळ्यांना बाहेरून चिकटलेले पांढरे, लिंबाच्या आकाराचे, टाचणीच्या डोक्याहून बारीक दाणे दिसले तर त्या निमॅटोडच्या माद्या, भिंग असलं तर बरं. टोमॅटोच्या मुळाला येतात तशा गाठी इथं नसतात. मादी मेली की तिच्याच अंगाची तपकिरी कडक पुटी (सिस्ट) होते, आत शेकडो अंडी, आणि पीक नसलं तरी ती मातीत टिकून राहते. उबदार जमिनीत पिढी तीनेक आठवड्यांत पूर्ण होते.

खात्री करायला चट्ट्याच्या कडेनं पाच-सहा जागची वीतभर खोलीची माती आणि मुळ्या घ्या, पिशवीत बांधून सावलीत ठेवा, लगेच कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर परभणीच्या विद्यापीठात द्या. रिपोर्ट नसताना दुकानदार म्हणतो म्हणून दाणेदार औषध टाकू नका, पैसे जातील.

उभ्या पिकात फारसं काही होत नाही, खरं काम पुढच्या पेऱ्याचं आहे. मकेवर मका नको, मकेमागं ज्वारी पण नको, तिच्यावरही याच कुळातला निमॅटोड येतो. रब्बीला हरभरा किंवा करडई घ्या, पुढच्या खरिपात सोयाबीन नाहीतर कपाशी, आणि त्यात उगवलेली मका, गवत काढत राहा, नाहीतर फेरपालटाचा उपयोग नाही. उन्हाळ्यात खोल नांगरून रान तापू द्या, निंबोळी पेंड पेरणीआधी मातीत मिसळा.

आणि भाड्याचा रोटाव्हेटर आला तर चट्ट्याचं वावर सगळ्यात शेवटी करा, निघताना पात्यांची माती तिथंच खरवडून काढायला लावा.