घरच्या घरी दगड घासायचं, पॉलिश करायचं मशीन बनवताय? या चुका टाळा

घरी बनवलेल्या मशीनवर दगड पॉलिश करणाऱ्यांची ठरलेली तक्रार म्हणजे चकाकीच येत नाही. मग पावडर बदलून बघतात, नवीन व्हील मागवतात, शेवटी दगडच भिकार निघाला म्हणून मोकळे होतात. पावडरीचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो हो, शाफ्ट (चाकं बसवलेला दांडा) आउट असतो, म्हणजे डगमगत फिरतो, नाहीतर पाण्यातून जाड ग्रिट (घासायचे कण, आकडा जितका लहान तितके जाड) फिरत असतं. त्यामुळे काही बिघडलं की आधी मशीन तपासा, पावडरीकडे सगळ्यात शेवटी या.

हाताला लागेल ती मोटर

अँगल ग्राइंडर उलटा करून क्लॅम्पमध्ये धरायचा आणि वरून पाणी सोडायचं, हा जुगाड प्लीज करू नका. तो १०,०००-११,००० आरपीएमवर फिरतो, त्याच्या बॉडीला हवेसाठी भोकं असतात, आत कार्बन ब्रश, आणि आपण वर पाणी ओततोय. शॉक लागेल किंवा चाक फुटेल, दोन्ही वाईटच. टेबल फॅनच्या मोटरमध्ये दमच नसतो, दगड जरा दाबला की थांबते. फ्रंट लोड वॉशिंग मशीनची ब्रशवाली मोटर तर कंट्रोल सर्किट काढून थेट लाइनला जोडली की लोड नसताना सुसाट पळते.

साधी इंडक्शन मोटर घ्या, पाव ते अर्धा एचपी, ४ पोलची. ५० हर्ट्झवर ती साधारण १४४० आरपीएम देते (६० हर्ट्झवर १७२५). १४४० वर ६ इंची व्हीलच्या कडेचा वेग सेकंदाला साडेअकरा मीटरच्या आसपास येतो आणि घासायला तेवढा छान पुरतो. २ पोलची लावली की हाच वेग दुप्पट, मग पाणी थेट तोंडावर उडतं आणि दगड तापतो. आणि कुठलंही व्हील चढवायच्या आधी त्यावर छापलेला कमाल आरपीएम वाचायचा, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

वेग कमी करायला पंख्याचा रेग्युलेटर किंवा लाइटचा डिमर लावणारे पण बरेच आहेत. साध्या इंडक्शन मोटरला असं केलं की ताकद जाते, मोटर गरम होते आणि आरपीएम नीट कमी होतच नाही. पुली बदला ना, मोटरवर ३ इंची आणि शाफ्टवर ४ इंची लावली की १४४० चे १०८० झाले, संपलं.

शाफ्ट, म्हणजे खरं दुखणं

सगळ्यात जास्त मशीन इथे फसतात. दुकानातून लांब आटेवाला रॉड आणायचा, दोन बेअरिंगमधून घालायचा, नटांनी चाकं आवळायची. दिसायला सोप्पं आहे पण तो रॉड सरळ असेलच असं नाही, आणि बेअरिंग आट्यांच्या टोकांवर बसतं त्यामुळे पहिल्या दिवसापासून खेळ असतो. ब्राइट बार (सरळ, गुळगुळीत स्टीलचा रॉड) घ्या, लेथवर फक्त टोकांना आटे पाडून घ्या आणि प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंगचं तयार घर) बसवा. व्हीलचं भोक १ इंचाचं आणि शाफ्ट २० मिमीचा असेल तर मधली फट टेप गुंडाळून भरू नका, लेथवर बुश (फट भरणारी धातूची नळी) टर्न करून घ्या. टेप ओली होते, दबते, आणि चाक एका बाजूला सरकतं.

शाफ्ट आउट आहे का चाक आउट आहे हे कळायला डायल गेजच (डगमग मोजायचं उपकरण) पाहिजे असं नाही. प्लग काढा. एक मार्कर टेकणीवर घट्ट धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवत मार्कर पुढे न्या, जिथे पहिली रेघ उमटेल तो चाकाचा उंच भाग. आता नट ढिला करून चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून परत आवळा आणि दुसऱ्या रंगाने तेच करा. नवी रेघ चाकावर त्याच जागी आली तर दोष चाकाचा किंवा बुशचा, आणि बरोबर समोरच्या बाजूला आली तर शाफ्ट वाकडा. शाफ्ट वाकडा असेल तर ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, बदला. सिलिकॉन कार्बाइडचं चाक उंच असेल तर ड्रेसरने (चाक खरवडायचं हत्यार) गोल करता येतं, डायमंड व्हीलला ते चालत नाही, त्याचा बुश आणि बसवणंच बघावं लागतं.

एवढा त्रास का घ्यायचा? कारण डगमगणारं चाक दगडाला घासत नाही, टोले मारतं. दगडाच्या गोल घुमटावर बारीक बारीक सपाट चट्टे पडतात, ते ६०० ग्रिटच्या व्हीलवर दिसत नाहीत आणि पॉलिशला आलं की उजेडात लगेच चमकतात. मग माणूस १४००० चं व्हील घासत बसतो आणि चट्टे तिथल्या तिथेच, फक्त आता चकचकीत!

आट्यांचं अजून एक. दोन्ही टोकांना चाकं लावणार असाल तर एका टोकाला डावे (उलटे) आटे हवेत. चाकाची पुढची बाजू खाली जाते अशा नेहमीच्या दिशेने मशीन फिरत असेल तर तुमच्या डाव्या हाताच्या टोकाला. नाहीतर मोटर चालू होतानाच्या झटक्याने नट सुटत जातो. नट सुटायला लागला की लोक जीव खाऊन आवळतात आणि चाकाला तडा जातो. फ्लँज (चाकाला बाजूने दाबणारी चकती) आणि चाक यांच्यामध्ये कागदी वॉशर असतो, तो कचरा समजून फेकू नका.

पाणी आणि वीज

मोटर ट्रेच्या (चाकाखालचं पाणी जमणारं ताट) खाली ठेवायची नाही. जागा वाचते हे मान्य, पण ट्रे कधी ना कधी गळतोच. मागे किंवा वर ठेवा, मध्ये आडोसा द्या. अर्थिंग पाहिजेच, त्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पाहिजेच, पाण्याचा पंप १२ व्होल्टचा घ्या आणि वायर सॉकेटला जाण्याआधी खाली लोंबती ठेवा म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. स्विच ओल्या हाताच्या वाटेत नको.

बेअरिंग लवकर खरखरायला लागलं तर ग्रीस संपलं असं समजू नका, आत चिखल गेलाय. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं बेअरिंग घ्या आणि चाक आणि बेअरिंग यांच्यामध्ये शाफ्टवर रबराची चकती घट्ट बसवा, शाफ्टवरून सरकत येणारं पाणी ती बाहेर भिरकावते. फालतू वाटते पण कमालीची उपयोगी आहे.

सिलिकॉन कार्बाइडचं चाक बंद असताना पाण्यात बुडालेलं राहिलं तर खालचा भाग पाणी पितो आणि जड होतो, मग सकाळी चालू केलं की सगळं टेबल हादरतं. काम संपलं की पाणी बंद करून चाक थोडा वेळ कोरडं फिरू द्या. नवीन चाक लाकडी मुठीने हलकं वाजवून बघा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर लावायचं नाही. आणि पहिलं मिनिटभर समोर उभं राहायचं नाही, बाजूला. गार्ड काढून काम करणाऱ्यांना मी काही सांगत नाही, सांगून उपयोग नसतो.

पाणी न लावता 'जरा एवढंच' कोरडं घासणं हा तर मूर्खपणा आहे. अगेट, जॅस्पर, क्वार्ट्झ हे सगळे मुळात सिलिकाच, त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. पाणी म्हणजे ठिबकणारा एखादा थेंब नाही, घासण्याची जागा सतत ओली पाहिजे. वाळलेला चिखल झाडूने झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. चांगला मास्क लावा, पण मास्क आहे म्हणून पाणी बंद असं नको. मॅलाकाइटसारख्या तांब्याच्या दगडांना तर जास्तच जपा.

मधूनच येणारा एकटा ओरखडा

दगड ३००० ला मस्त दिसतोय आणि मध्येच एक खोल रेघ. ती काढली, परत दुसरी. इथे ओरखडा कसा आहे ते बघा. एकाच दिशेला समांतर बऱ्याच रेघा असतील तर आधीची पायरी अर्धवट सोडलीये, मागे जा. एकटीदुकटी वाकडी रेघ असेल तर जाड ग्रिट आलंय कुठून तरी. बहुतेक वेळा ८० पासून ३००० पर्यंत सगळ्या व्हील्सना एकच ट्रे आणि एकच पंप असतो, म्हणजे ८० चा गाळ तुम्ही स्वतःच ३००० वर ओतताय. प्रत्येक व्हीलला वेगळा कप्पा करा, बारीक व्हील्सना ताजं पाणी द्या, मध्ये पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा लावा कारण शिंतोडे पण पुरतात. ग्रिट बदलताना दगड, डॉप स्टिक (दगड मेणाने चिकटवून धरायची काडी), हात आणि नखं ब्रशने धुवा. नखांमध्ये आख्खं ८० ग्रिट लपतं.

आणि दगड ओला असताना तपासू नका, पाणी ओरखडे झाकतं. पुसून कोरडा करा, दिव्याखाली तिरपा धरा. नवीन डायमंड व्हील पहिल्यांदा जरा ओरबाडतं, त्यावर आधी एखादा टाकाऊ अगेट घासून घ्या.

आडवा फ्लॅट लॅप (सपाट फिरणारी तबकडी) बनवला असेल तर मध्यभागी वेग जवळपास शून्य आणि कडेला जास्त असतो, त्यामुळे एकाच जागी धरलं की दगड तिरका घासला जातो. फिरवत राहा.

पॉलिशला सेरियम ऑक्साइडची पावडर क्वार्ट्झ, अगेटवर चालते, चामड्यावर किंवा फेल्टवर. पातळ पाण्यासारखं ओतत राहिलात तर काही होत नाही, पॅड ओलसर हवा, सुकत येताना दगड जरा ओढला जातो तेव्हाच चकाकी येते. पण तेव्हाच उष्णताही होते, ओपल तडकतो, डॉपचं मेण सुटून दगड उडतो. मध्ये मध्ये दगड गालाला लावून बघा, कोमटच्या पुढे गेला की थांबा.

टंबलर बनवणाऱ्यांसाठी थोडं

टंबलर म्हणजे दगड आत गडगडवून घासणारा फिरता ड्रम. पीव्हीसी पाइपचा ड्रम आतून गुळगुळीत असतो, दगड गडगडत नाहीत, नुसते घसरतात. आत रबर किंवा आडव्या पट्ट्या लावा आणि दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरा. अर्ध्याहून कमी भरला तर दगड आपटून फुटतात. लवकर व्हावं म्हणून वेग वाढवला तर १५ सेंमीच्या ड्रममध्ये ११० आरपीएमच्या आसपास दगड भिंतीला चिकटूनच फिरायला लागतात, घासणं बंद. त्याच्या निम्म्यावर, ५०-६० ला ठेवा. ड्रम एका बाजूला सरकत असेल तर रोलर लेव्हलला नाहीत, नीट करा आणि टोकाला अडकण द्या. अॅल्युमिनियमचा डबा ड्रम म्हणून वापरू नका आणि झाकण रोज एकदा उघडून आतला गॅस जाऊ द्या, नाहीतर दाबाने झाकण उडतं. ग्रिट ६०/९०, मग १२०/२२०, मग ५००, मग पॉलिश, प्रत्येकाला साधारण आठवडाभर, आणि प्रत्येक वेळी ड्रम कानाकोपऱ्यातून धुवायचा.

ते धुतलेलं पाणी सिंकमध्ये सोडू नका, पाइपात सिमेंटसारखं घट्ट बसतं. बादलीत एक रात्र ठेवा, वरचं नितळ पाणी काढून टाका आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.